नवं-जुनं: रुपयाला आण्यापासून महिना साडेतीन टक्क्यांपर्यंत

हा भाग ऐकायचा सोडून वाचत असाल तर बरंच आहे. आज आकडे बरेच आहेत आणि आकडे कानापेक्षा डोळ्यांना लवकर कळतात.

सुरुवात माझ्यापासून करतो. मागच्या वर्षी माझ्या दोन क्रेडिट कार्डांवर मिळून दीड लाख रुपये थकले होते. एका दिवसात नाही थकले. एक फोन, आईच्या दाताचं काम, मित्राच्या लग्नासाठी गोव्याची तिकिटं, आणि बाकी कशाकशाचे ते आज विचाराल तर मलाही सांगता येणार नाही. दर महिन्याला मी ‘मिनिमम ड्यू’ भरायचो आणि भरलं की हलकं वाटायचं. मग एक दिवस एका ॲपवर जाहिरात आली: सगळ्या कार्डांची थकबाकी एका पर्सनल लोनमध्ये, एकच हप्ता, कमी व्याज. मी अर्ज केला, दोन दिवसांत पैसे आले, दोन्ही कार्डं शून्यावर. घरी मोठ्या आनंदानं सांगितलं. माझे काका आयुष्यभर सहकारी सोसायटीत सचिव होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाले, “म्हणजे नवं-जुनं केलंस, एवढंच ना?”

विदर्भातल्या ऐकणाऱ्यांना हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी सांगतो. मार्च आला की सोसायटीचं पीककर्ज भरावं लागतं. पैसे नसतात. मग कुठून तरी दोन-चार दिवसांसाठी रक्कम आणायची, जुनं कर्ज भरल्याचं दाखवायचं आणि लगेच तेवढंच, नाहीतर थोडं जास्तच, नवं कर्ज उचलायचं. कागदावर कर्ज फिटलं, घरात मात्र होतं तिथंच. याला म्हणतात नवं-जुनं.

मला काकांचा राग आला होता. माझं नवं-जुनं नव्हतं, मी व्याजाचा दर चांगला निम्म्याहून खाली आणला होता. पण आठ महिन्यांनी एका कार्डावर पुन्हा बेचाळीस हजार चढले. लोनचा हप्ता चालू होताच. तेव्हा मी या विषयाच्या मागं लागलो, आणि शोधत शोधत जाऊन पोचलो ते आपल्याच नागपुरात, एम्प्रेस मिलच्या फाटकावर.

तुमच्यातले अर्धे लोक त्या जागेवर सिनेमा बघायला जातात. गांधीसागर तलावाजवळचा एम्प्रेस सिटी मॉल त्याच गिरणीच्या जमिनीवर उभा आहे. गिरणी सुरू झाली १ जानेवारी १८७७ ला. त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं, म्हणून नाव एम्प्रेस. मालक जमशेटजी टाटा. त्यांच्या चरित्रात नागपूरच्या एका मारवाडी सावकाराची गोष्ट येते, ती मला फार आवडते. गिरणीसाठी घेतलेली जागा तळ्याकाठची, दलदलीची. भराव घालता घालता पैसा संपत होता. सावकाराकडं भांडवल मागितलं तर तो म्हणाला, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, याला मी पैसे देणार नाही. पुढं गिरणी जोरात चालली तेव्हा त्यानंच मान्य केलं की चूक माझी झाली, या माणसानं जमिनीत माती घातली आणि सोनं काढलं.

म्हणजे जमशेटजींना कर्ज देताना सावकार दहादा विचार करत होता. त्याच गिरणीत साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला कर्ज मिळवायला काय करावं लागायचं? जवळजवळ काहीच नाही. फाटकाबाहेर यायचं, बस्स.

हे सगळं बारकाईनं लिहून ठेवलंय ते कामगारांसाठीच्या रॉयल कमिशननं. १९२९ मध्ये नेमलं गेलं, अध्यक्ष जे. एच. व्हिटली, सदस्यांमध्ये आपले ना. म. जोशीसुद्धा होते. १९३१ मध्ये अहवाल आला. देशभरच्या गिरण्या, खाणी, रेल्वे फिरून त्यांनी अंदाज दिला की औद्योगिक शहरांतले किमान दोन तृतीयांश कामगार कर्जात आहेत. आणि दर? रुपयाला महिना एक आणा हा दर सर्रास होता.

रुपयाचे आणे सोळा. म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. त्यावर व्याजाचं व्याज धरलं तर वर्षभरात कर्ज दुपटीच्या वर जातं. पन्नास रुपये घेतले तर महिन्याचं नुसतं व्याज तीन रुपये दोन आणे. बऱ्याच कामगारांचा महिन्याचा पगार पन्नासाच्या आतच असायचा, तेव्हा या तीन रुपयांचं वजन लक्षात घ्या.

माणूस या दराला तयार का व्हायचा? अडाणी होता म्हणून, हे उत्तर सोपं आहे आणि अर्धं खोटं आहे. गिरण्यांमध्ये पगार महिन्याचा, आणि तोही महिना संपल्यावर लगेच नाही, पुढच्या महिन्यात दिवस उलटून गेल्यावर. जानेवारीत घाम गाळायचा आणि पैसे फेब्रुवारीत बघायचे. नवीन आलेल्या माणसानं मधले सहा आठवडे खायचं काय? वाण्याकडं उधारी, ती फेडायला सावकार. पगार किती दिवसांत द्यायचा याचं बंधन १९३६ च्या वेतन कायद्यानं घातलं: हजारापेक्षा कमी कामगार असतील तर सात दिवसांत, जास्त असतील तर दहा दिवसांत. तुमचा पगार आज एक तारखेला खात्यात पडतो, त्याची सुरुवात या कायद्यापासून झाली. गंमत अशी की कामगाराची ती अडचण म्हणजे पगाराआधीचे दिवस. कार्डवाले नेमके तेच दिवस आपल्याला भेट म्हणून विकतात: ‘पन्नास दिवसांपर्यंत बिनव्याजी’.

कमिशनच्या अहवालात एक मुद्दा आहे, जो मला पहिल्यांदा वाचताना उलटा वाटला. त्यांचं म्हणणं, कामगाराला कर्ज सहज मिळतं हीच मुळातली अडचण आहे. सावकार तारण मागत नाही, कारण पगार हेच तारण. पगाराच्या दिवशी फाटकावर उभं राहिलं की वसुली. म्हणून वसुली अवघड करा, म्हणजे सावकार आपोआप हात आखडता घेईल. कामगाराची पत वाढवा असं त्यांनी म्हटलं नाही, ती कमी करा म्हटलं. आज तुमच्या मोबाइलवर ‘अभिनंदन, तुमची लिमिट वाढली’ असा मेसेज येतो ना? व्हिटली साहेबांना तो दाखवला असता तर त्यांनी डोक्याला हात लावला असता.

आता नागपूरचा मान इथं येतो. हे शहर तेव्हा मध्य प्रांताची राजधानी. या प्रांतानं कर्जाच्या प्रश्नात जेवढे कायदे केले तेवढे फार थोड्या प्रांतांनी केले असतील. १९३३ मध्ये कर्ज समेट मंडळांचा कायदा. १९३४ मध्ये सावकारांचा कायदा: हिशेब नीट ठेवा आणि ऋणकोला त्याचा हिशेब लेखी द्या. १९३६ मध्ये खास कारखान्यातल्या कामगारांच्या कर्जाचा निवाडा आणि फेड यांचा कायदा. आणि १९३७ मध्ये ऋणकोला संरक्षण देणारा कायदा, ज्यानं वसुलीसाठी माणसाच्या कामाच्या जागी घिरट्या घालणं, धमकावणं हा गुन्हा ठरवला. फाटकावरच्या काठीवाल्यासाठीच तो होता. आज वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. हा त्याचाच नातू समजा.

यातला १९३६ चा कायदा माझ्या विषयाच्या अगदी जवळचा. महिना पन्नास रुपयांपर्यंत मजुरी असलेला कामगार, ज्याचं कर्ज त्याची सगळी मालमत्ता अधिक तीन महिन्यांची मजुरी यापेक्षा जास्त झालंय, तो कोर्टात अर्ज करू शकायचा. सगळे सावकार एका ठिकाणी बोलवायचे, कोणाचं किती खरं देणं आहे ते ठरवायचं, आणि या माणसाला पोट भरून किती देणं झेपेल ते पाहून हप्ते बांधून द्यायचे. पाच खात्यांचं एक खातं. एकच हप्ता. माझ्या ॲपवरची जाहिरात हेच सांगत होती की.

फरक कुठं होता? कायद्यात मुद्दल आणि थकलेलं व्याज तपासलं जायचं, काटलं जायचं. ॲप काही काटत नाही. कार्डवाल्या बँकेला तिचा शेवटचा रुपया, लेट फी धरून, मिळतो. देणं तेवढंच राहतं, फक्त धनको बदलतो आणि दर बदलतो. हे लक्षात ठेवा, पुढं लागेल.

पण तुकडे गोळा करून एक कर्ज करायची ही कल्पना नागपूरचीही नाही. ती त्याच्या पन्नास वर्षं आधीची, आणि त्यासाठी जरा पुण्याकडं जावं लागतं.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे गाव. बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर, दुकानांवर हल्ला केला आणि मुख्यतः एक गोष्ट मागितली: कर्जरोखे. मिळाले तिथं जाळले. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. त्यातून चौकशी, आणि १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा. त्या कायद्यानं कोर्टाला व्याजाच्या मागं जाऊन मूळ देणं तपासायची मुभा दिली. पण जुनं कर्ज कमी झालं तरी ते फेडायला रोकड हवी, आणि रोकड पुन्हा सावकाराकडंच.

इथं विल्यम वेडरबर्न यांचं नाव येतं. सनदी नोकरीत होते, पुढं काँग्रेसचे अध्यक्षही झाले. त्यांनी १८८२ च्या सुमारास शेतकऱ्यांसाठी बँकेची योजना मांडली, न्यायमूर्ती रानडे त्यांच्या बाजूनं होते. पुरंदर तालुका प्रयोगासाठी निवडला. सरकारनं पैसे घालून शेतकऱ्यांचे जुने सावकार एकदाचे मोकळे करायचे, त्यानंतर शेतकऱ्यानं फक्त बँकेशी व्यवहार करायचा, कमी व्याजानं. हिंदुस्थान सरकार राजी झालं होतं. लंडनहून नकार आला आणि पुरंदरचा प्रयोग कागदावर राहिला.

मला यातली एक अट महत्त्वाची वाटते: आधी जुनी खाती पूर्ण मोकळी, मगच नवी बँक. शेतकऱ्याच्या डोक्यावर जुना सावकार आणि नवी बँक दोघं बसले तर तो दोघांचाही देणेकरी होणार, हे या मंडळींना स्पष्ट दिसत होतं.

मध्य प्रांताच्या समेट मंडळांना नेमकी इथंच अडचण आली. मंडळ कर्ज खाली आणायचं. नकार देणाऱ्या सावकाराला नंतर कोर्टात गेल्यावर खर्च मिळायचा नाही आणि सरळ सहा टक्क्यांवर व्याज मिळायचं नाही, अशी टाचही त्या कायद्यात होती. पण मंडळाकडं स्वतःचा पैसा नव्हता. सावकाराला एकरकमी काही मिळायचं नाही, हप्ते मिळायचे, आणि हप्ते पिकावर अवलंबून. कापसाचे भाव पडलेले ते दिवस. १९३९ मध्ये नवा कायदा येऊन समेटाच्या जागी कर्जनिवारण न्यायालयं आली.

रोकड देणारी व्यवस्था उभी राहिली ती वेगळ्याच वाटेनं, आणि ती तुमच्या-माझ्या घरात अजून आहे: पगारदार नोकरांची पतसंस्था. १९०४ च्या सहकार कायद्यानंतर हे रोपटं लागलं. रेल्वे, गिरण्या, शाळा, सरकारी कचेऱ्या, जिथं पगार आहे तिथं पतसंस्था. आपल्या आई-बाबांना विचारा, निम्म्या घरांतलं पहिलं फ्रिज नाहीतर बहिणीचं लग्न पतसंस्थेच्या कर्जातून झालेलं असतं. आणि बाहेरचं महागडं देणं फेडण्यासाठी तिथून स्वस्त कर्ज काढणं ही अगदी रोजची गोष्ट. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात कलम ४९ आहे. सभासदानं लिहून दिलं असेल तर हप्ता मालकानं पगारातूनच कापून संस्थेला द्यायचा. वसुलीची काळजी नाही, म्हणून व्याज कमी ठेवता येतं. आजच्या पर्सनल लोनचा खरा पूर्वज मला हाच वाटतो.

पण पतसंस्थेत आणखी एक भानगड होती, ती म्हणजे दोन जामीनदार. त्याच ऑफिसातले. त्यांच्यापुढं फॉर्म घेऊन जायचं, आणि त्यांनी विचारायचं, “काहून रे भाऊ, मागच्या वर्षीच तर घेतलं होतं?” कर्ज पुन्हा चढलं तर ही बातमी चहाच्या टपरीवर पोचायची. मला हे सगळं अतिशय नकोसं वाटतं. कुणी माझ्या खर्चाचा हिशेब विचारलेला मला चालत नाही, म्हणून तर मी ॲपवर गेलो. पण खरं बोलायचं तर माझ्या आठ महिन्यांनंतरच्या त्या बेचाळीस हजारांना या दोन जामीनदारांनी नक्की अडवलं असतं. पतसंस्थेत सगळं चांगलंच होतं असंही नाही. कितीतरी जामीनदारांचे पगार दुसऱ्याच्या कर्जापायी कापले गेलेत.

आता परत मोबाइलकडं येऊ. भारतात क्रेडिट कार्ड आलं ते १९८० मध्ये, सेंट्रल बँकेचं. तेव्हा ते साहेब लोकांचं होतं. आज ते चोवीस वर्षांच्या मुलाच्या खिशात असतं, आणि त्यावर थकलेल्या रकमेचा दर बऱ्याच कार्डांवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास जातो. वर्षाला बेचाळीस. आपल्याकडं गावात ‘तीन टक्क्यानं पैसे घेतले’ म्हटलं की सगळ्यांना कळतं की महिन्याचे तीन, आणि ऐकणारा ‘अरे बापरे’ म्हणतो. कार्डाच्या स्टेटमेंटवर साडेतीन वाचून मात्र कुणी ‘अरे बापरे’ म्हणत नाही. मीही नाही म्हटलं.

अजून एक तुलना सांगतो, ही ऐकून मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारानं बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्ज दिलं तर जास्तीत जास्त अठरा टक्के वार्षिक घ्यायचे, असा दर सरकारनं ठरवून दिला. शेतकऱ्याला बारा. म्हणजे इतवारीतला परवान्याचा सावकार अठराच्या वर गेला तर गुन्हा. बँकेच्या कार्डाला हा कायदा लागूच नाही. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं म्हटलं होतं की कार्डावर तीस टक्क्यांच्या वर व्याज घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बँका सर्वोच्च न्यायालयात गेल्या. २० डिसेंबर २०२४ ला न्यायालयानं आयोगाचा तो आदेश रद्द केला. व्याजदर हा रिझर्व्ह बँकेचा विषय, आयोगाचा नाही.

आणि दामदुप्पट हा शब्द आठवतोय? जुन्या हिंदू कायद्यातला तो ऋणकोच्या बाजूचा नियम होता: एका वेळी वसूल करायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असू शकत नाही. मुंबई इलाख्यातली कोर्टं तो पाळत, आणि सावकारी कायद्यात त्याचा अंश आजही आहे. आज हा शब्द आपण कुठं ऐकतो? ‘पाच वर्षांत दामदुप्पट’ असं सांगून लोकांचे पैसे घेऊन पळणाऱ्या योजनांच्या बातमीत. शब्दाचंही नशीब असतं राजेहो.

आता माझा हिशेब. दीड लाख रुपये, महिना साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज ५,२५० रुपये. त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ९४५. एकूण ६,१९५. हे भरलं तरी दीड लाख दीड लाखच राहतात.

तेच दीड लाख पंधरा टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी पर्सनल लोनमध्ये टाकले तर महिन्याचा हप्ता साधारण ५,२०० रुपये येतो. नीट बघा: कार्डाचं नुसतं व्याज हप्त्यापेक्षा जास्त आहे. आणि हप्ता भरत गेलो तर छत्तीस महिन्यांनी खातं संपतं. एकूण भरणा १,८७,२०० च्या आसपास. प्रोसेसिंग फी दोन टक्के धरली तर तीन हजार आणि वर जीएसटी. तरीही फायदा उघड आहे. काकांच्या नवं-जुनंमध्ये आणि यात हा फरक आहे: तिथं दर तोच राहतो आणि शेवटची तारीख कधीच येत नाही. इथं दर उतरतो आणि शेवटची तारीख ठरलेली असते. ही बाजू मी काकांना कागदावर मांडून दाखवली. त्यांनी मान्य केलं. मग विचारलं, “आणि कार्ड? ते कुठं आहे?”

कार्ड पाकिटात होतं. लिमिट पूर्ण मोकळी. वेडरबर्न साहेबांची पहिली अट मी मोडली होती.

घेणार असाल तर दोन गोष्टी मात्र विचारून घ्या. एक, दर ‘फ्लॅट’ सांगताहेत की घटत्या शिल्लक रकमेवर. अकरा टक्के फ्लॅट ऐकायला पंधरापेक्षा गोड लागतं. पण दीड लाखावर तीन वर्षांसाठी अकरा फ्लॅट म्हणजे ४९,५०० रुपये व्याज, महिन्याला जवळजवळ साडेपाच हजारांचा हप्ता, आणि घटत्या शिलकीवर मोजलं तर तो दर साडेएकोणीसच्या आसपास बसतो. दुसरी, हातात नक्की किती पडणार. जुने सावकार शंभराचा रोखा लिहून घ्यायचे आणि पहिलं व्याज कापून नव्वद हातावर ठेवायचे. फी, विमा, अजून काही कापून बँक जेव्हा १,४३,००० जमा करते तेव्हा व्याज दीड लाखावरच चालू असतं, आणि कार्डावरचे उरलेले सात हजार साडेतीन टक्क्यांनी पुन्हा वाढायला मोकळे. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसोबत एक मुख्य माहितीपत्रक देणं बँकांना बंधनकारक आहे, त्यात सगळा खर्च धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. १९३४ च्या नागपूरच्या कायद्यानं सावकाराकडून लेखी हिशेब मागितला होता, तो नव्वद वर्षांनी पीडीएफ होऊन आलाय. उघडून बघा फक्त.

आणि ज्याच्या खर्चाची गळती आधीच बंद झालेली नाही, म्हणजे दर महिन्याला पगारापेक्षा चार-पाच हजार जास्तच जातात, त्यानं हे लोन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्याच्यासाठी ते सहा-आठ महिन्यांची उसंत आहे आणि नंतर दोन कर्जं. माझा अनुभव सांगतोय, आकडेवारी नाही. दुसरीकडं, ज्याचं देणं एकदाच कशामुळं तरी चढलंय, दवाखाना, नोकरी जाणं, आणि आता घडी बसली आहे, त्यानं कार्डावर मिनिमम भरत बसणं म्हणजे रुपयाला आणा देत बसण्यासारखं आहे.

माझं पुढं काय झालं ते सांगून थांबतो. बेचाळीस हजार फेडायला मी दुसरं लोन काढलं नाही. काकांकडून वीस घेतले, लेखी, दोघांच्या सहीनं, व्याज त्यांनी घेतलं नाही पण तारखा पाळायला लावल्या. उरलेले सात महिन्यांत पगारातून गेले. ते शून्यावर आलं त्याच दिवशी कार्ड बंद करायचा अर्ज ईमेलनं टाकला. थकबाकी नसेल तर सात कामाच्या दिवसांत कार्ड बंद करावं लागतं, नाहीतर दिवसाला पाचशे रुपये दंड ग्राहकाला द्यावा लागतो, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. पाचव्या दिवशी फोन आला: सर, तुम्ही आमचे जुने ग्राहक, वार्षिक फी माफ करतो, लिमिट तीन लाख करून देतो. मी तेव्हा मेट्रोत होतो, कस्तुरचंद पार्क स्टेशन येत होतं. ज्यांच्या नावानं ते मैदान आहे ते सर कस्तुरचंद डागा त्यांच्या काळातले या भागातले सर्वांत मोठे पेढीवाले, आणि पुढच्याच चौकात रिझर्व्ह बँकेची इमारत. मी म्हटलं, नको. दोनदा म्हणावं लागलं.

दुसरं कार्ड ठेवलंय, लिमिट वीस हजारांवर आणून. लोनचे अजून चौदा हप्ते बाकी आहेत.